दोन लेखण्यांचा संसार

विवाह या विषयावर जे ललित वाङ्मय आजवर निर्माण झाले, त्यातील बहुतेक वाङ्मय वस्तुतः विवाहापूर्वीच्या काळाचेच आहे. अंतरपाट दूर झाला आणि अक्षता पडल्या की नाटककार पडदा पाडतो, कादंबरीकार लेखणी खाली ठेवतो, आणि ज्या दोन जीवांनी एकमेकांच्या प्राप्तीसाठी एवढे सायास केले ते पुढे एकमेकांसमवेत राहिले कसे, हा खरा जिज्ञासेचा विषय वाचकाच्या कल्पनेवर सोपवला जातो. म्हणूनच ज्या मोजक्या कलाकृती विवाहाला कथेच्या अखेरीस न बसवता मध्यभागी बसवतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे जीवन पाहू इच्छितात, त्यांच्याविषयी मला विशेष ममत्व वाटत आले आहे. १९४२ च्या आरंभी अमेरिकेत प्रदर्शित झालेला 'वुमन ऑफ द इयर' हा जॉर्ज स्टीव्हन्स यांनी दिग्दर्शित केलेला बोलपट अशांपैकी एक होय. त्यातील नायक-नायिका न्यूयॉर्कच्या एकाच दैनिकाच्या चाकरीत आहेत: टेस हार्डिंग आंतरराष्ट्रीय राजकारणावर स्तंभ लिहिते, सॅम क्रेग खेळांवर लिहितो. पहिली भूमिका कॅथरिन हेपबर्नची आणि दुसरी स्पेन्सर ट्रेसीची. या दोघांनी पुढे पंचवीस वर्षांत मिळून जे नऊ चित्रपट केले, त्यांतील हा पहिला.

माझ्या ममत्वाला आणखीही एक कारण आहे. आयुष्याचा मोठा काळ मी एका मराठी दैनिकाच्या संपादकीय विभागात काढला आणि माझे यजमान दुसऱ्या एका दैनिकासाठी न्यायालयांचे वृत्तान्त लिहीत असत. त्यामुळे लेखणीवर चरितार्थ चालवणाऱ्या दोन माणसांनी एका छपराखाली राहणे म्हणजे काय, याविषयी या बोलपटाने मांडलेला प्रश्न मी केवळ प्रेक्षक म्हणून पाहू शकत नाही. त्या प्रश्नाचे जे उत्तर बोलपटाच्या अखेरीस मिळते ते मला मान्य नाही. परंतु खरे उत्तर त्याच बोलपटाच्या पूर्वार्धात, एका क्रीडांगणावरील प्रसंगात, अतिशय सुंदर रीतीने दिले गेले आहे, असे माझे मत आहे.

कथेचा आरंभ भांडणाने होतो आणि ते भांडण छापील आहे. नभोवाणीवरील प्रश्नोत्तरांच्या एका कार्यक्रमात बेसबॉलचा विषय निघताच, युद्ध संपेपर्यंत हा खेळच बंद ठेवावा असे मत टेस निःशंकपणे देऊन टाकते. पिंकी नावाच्या निवृत्त मुष्टियोद्ध्याच्या मद्यगृहात बसलेला सॅम ते ऐकतो आणि आपल्या स्तंभात तिचा खरपूस समाचार घेतो. तीही आपल्या स्तंभातून जशास तसे उत्तर देते. आणि अखेर एकाच पत्राच्या दोन पानांमधील हे युद्ध तहकूब व्हावे म्हणून संपादक दोघांनाही आपल्या दालनात पाचारण करतो, जिथे प्रतिपक्षाला प्रथमच प्रत्यक्ष पाहून दोघांचेही वादाचे मुद्दे एकाएकी निस्तेज होतात. हा वाद त्या काळी केवळ पटकथेतला नव्हता. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका युद्धात उतरली होती, आणि अशा समयी बेसबॉलचा हंगाम भरवावा की नाही अशी पृच्छा त्या खेळाचे आयुक्त, पूर्वाश्रमीचे न्यायाधीश लँडिस यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे केली असता, १५ जानेवारी १९४२ च्या पत्राने अध्यक्षांनी खेळ चालू ठेवणेच देशाच्या हिताचे होईल असा अभिप्राय कळवला. लोकांना यापुढे पूर्वीपेक्षा अधिक तास आणि अधिक कष्टाचे काम करावे लागेल, तेव्हा त्यांना विरंगुळ्याची निकडही अधिक भासेल, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे टेस आणि सॅम चित्रपटगृहात भांडू लागले, तेव्हा त्यांच्या वादाचा निवाडा राष्ट्राच्या सर्वोच्च दप्तरातून नुकताच बाहेर पडला होता आणि तो सॅमच्या बाजूचा होता. तथापि टेसची बाजूही क्षुल्लक नव्हती. युगोस्लाव्हिया आणि ग्रीस ही राष्ट्रे तेव्हा जर्मन टाचेखाली आली होती, आणि ज्या व्यक्तीच्या मेजावर प्रत्यही अशा बातम्या येऊन पडत तिला चेंडूफळीच्या कोष्टकांत स्वारस्य वाटू नये, हे अस्वाभाविक नाही.

भांडणानंतरचा तह सॅमच्या एका निमंत्रणाने होतो. तो तिला यांकी स्टेडियमवर सामना पाहण्यासाठी नेतो, आणि बातमीदारांच्या ज्या कक्षात स्त्रियांना मज्जाव असे त्या कक्षात, सहकाऱ्यांच्या नाराजीकडे दुर्लक्ष करून, आपल्या शेजारी बसवतो. तिच्या मस्तकावर भली मोठी टोपी असते, मागच्या माणसाला खेळ दिसत नाही, आणि कामाच्या दिवशी दुपारी जमलेली ती गर्दी पाहून ही सारी माणसे बेकार आहेत काय असे ती विचारते. युरोपातील राजधान्यांची आणि मंत्रिमंडळांची जिला खडान्‌खडा माहिती आहे, तिला या मैदानावरची साधी वहिवाटही ठाऊक नसते. सॅम मात्र न कंटाळता, न हिणवता, फलंदाज कोणत्या दिशेने पळतो, पंच हात कशासाठी उंचावतो, हे तिला एकेक करून समजावतो, आणि हळूहळू तिचे प्रश्न अधिक नेमके होत जातात, मान पुढे झुकते, आवाज चढतो, आणि सामना संपता संपता ती त्या गर्दीतलीच एक झालेली असते. प्रणयाचे असे दृश्य मी क्वचितच पाहिले आहे. त्यात स्पर्श नाही, स्तुती नाही, भविष्याची आणभाक नाही. एक माणूस आपले काम दुसऱ्याला दाखवतो आहे आणि दुसरे माणूस ते काम शिकण्याइतके मोलाचे मानते आहे, एवढेच आहे. पटकथेच्या दोन लेखकांपैकी धाकटे रिंग लार्डनर यांचे वडील अमेरिकेतील विख्यात क्रीडालेखक आणि कथाकार होते व त्यांनी स्वतःही काही काळ न्यूयॉर्कच्या एका दैनिकात बातमीदारी केली होती. सॅमच्या व्यवसायाविषयीचा जो सहज आदर या प्रसंगात ओतप्रोत भरला आहे तो अशा घराण्यातूनच येऊ शकतो.

यानंतर टेस त्याला आपल्या घरी बोलावते, आणि बोलपटातील सर्वांत मार्मिक गोष्ट मला वाटते ती इथे घडते. तिचा दिवाणखाना निरनिराळ्या देशांच्या पाहुण्यांनी भरलेला असतो, ती एकाशी एका भाषेत तर दुसऱ्याशी दुसऱ्या भाषेत बोलत सर्वत्र संचार करते, आणि सॅम, ज्याला त्यातील एकही भाषा येत नाही, तो हातात पेला धरून या घोळक्यातून त्या घोळक्यात भटकत राहतो व अखेर कोणाच्या लक्षात न येता निघून जातो. त्याने तिला आपल्या जगात नेले तेव्हा तिच्या शेजारी बसून ते जग उलगडून दाखवले होते. तिने त्याला आपल्या जगात बोलावले आणि उंबरठ्यावरच सोडून दिले. पुढे त्यांच्या संसारात जे जे काही बिघडणार आहे त्याचे बीज या दोन प्रसंगांतील अंतरात आहे, आणि ते अंतर स्त्री आणि पुरुष यांच्यातील नसून, सांगण्यासाठी वेळ काढणारा आणि न काढणारा यांच्यातील आहे.

हा वेळ न काढण्याचा दोष वृत्तपत्राच्या व्यवसायात फार लवकर जडतो. दैनिकाचे काम करणाऱ्याचे मन सतत दूरच्या घटनेकडे लागलेले असते. तार आली, दूरध्वनी वाजला, कुठे पूर आला, कुठे मंत्रिमंडळ गडगडले, की हातातील घास ठेवून उठायचे, हीच त्या पेशाची शिस्त आणि हीच त्याची प्रतिष्ठा. रात्री पान सुटेपर्यंत माणूस स्वतःचा नसतो आणि पान सुटल्यावर त्याच्यात दुसऱ्या कोणाचा होण्याइतके त्राण उरत नाही. जे दूर आहे ते महत्त्वाचे, जे निकट आहे ते उद्याही तिथेच असणार, असा एक हिशेब नकळत मनात रुजतो. आणि उद्याही तिथेच असणाऱ्या वस्तूंच्या यादीत आपल्या घरचे माणूस कधी जाऊन बसले, हे ध्यानात येईपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. आमच्या घरी, कोणी न ठरवता, अशी रीत पडून गेली होती की उशिरा परतणाऱ्याने आपल्या दिवसाची हकीकत सांगण्यापूर्वी दुसऱ्याची ऐकून घ्यायची. त्यांच्याकडून मी कैफियत, उलटतपासणी आणि तारखा वाढवून घेण्याच्या नाना युक्ती शिकले. माझ्याकडून त्यांना नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातील शीर्षे आणि स्थायी समितीतील डावपेच कळू लागले. त्या बोलण्यात प्रेमाचा उच्चार क्वचितच होत असे, परंतु आज मागे वळून पाहताना आमच्या संसाराची जी काही पुंजी होती ती त्या रात्रींच्या हकीकतींतच साठलेली होती, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

टेस आणि सॅम यांचा विवाह मात्र तिच्या व्यग्र दिनक्रमातील एका फटीत घाईघाईने उरकला जातो, आणि त्याच रात्री तिच्या घरी, जे आता त्याचेही घर झालेले असते, नाझींच्या हातून निसटून आलेला डॉक्टर लुबेक नावाचा युगोस्लाव्ह मुत्सद्दी दाखल होतो. त्याच्यामागून त्याचे देशबांधव येतात, शयनगृहापर्यंत राजकारणाची चर्चा पोचते, आणि सॅमही प्रतिकार म्हणून पिंकीला व त्याच्या मित्रमंडळींना बोलावून घेतो. प्रेक्षागृहात या दृश्यावर हशा उसळतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या हशाखाली एक धर्मसंकट आहे ते विसरता येत नाही. मृत्यूच्या दाढेतून सुटून आलेल्या माणसाला, आज आमच्या विवाहाची पहिली रात्र आहे, उद्या या, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? परदुःखाला दार लावून घेणारे घर सुखी असेल, पण ते थोर असणार नाही. टेसने दार उघडले यात तिची चूक नव्हती. दार उघडताना आत आणखी एक माणूस उभे आहे, आणि ते दार आता त्याचेही आहे, याचे तिला भान राहिले नाही, ही चूक होती. सॅमला विचारले असते तर त्यानेही ते उघडले असते, याविषयी मला यत्किंचितही शंका वाटत नाही.

हीच चूक पुढे एका अबोध मुलाच्या बाबतीत होते, आणि तिथे ती हसण्यावारी नेण्याच्या पलीकडची ठरते. ग्रीसमधून आलेल्या निर्वासित बालकांसाठी चाललेल्या कार्यात टेस अग्रभागी असते, आणि त्यांतील ख्रिस नावाचा एक मुलगा ती पतीला न विचारता परस्पर दत्तक घेते. मुलांविषयी तुझे काय मत आहे, असे ती विचारते तेव्हा सॅमला वाटते की ती माता होणार आहे. त्याच्या मुखावर जो हर्ष क्षणभर उमटतो आणि खरा प्रकार कळल्यावर जो तितक्याच वेगाने मावळतो, तो ट्रेसीने असा दाखवला आहे की तिथे शब्दांची आवश्यकता उरत नाही. पुढे वर्षातील सर्वश्रेष्ठ अमेरिकन स्त्री म्हणून टेसचा सन्मान व्हायचा असतो, आणि त्या समारंभाच्या रात्री मुलाला घरी एकटे ठेवून जाण्याची तिची तयारी असते. सॅम जाण्याचे नाकारतो, ती एकटीच जाते, आणि ती सन्मान स्वीकारीत असताना तो मुलाला त्याच्या आश्रमात, त्याची भाषा बोलणाऱ्या सवंगड्यांमध्ये, परत पोचवतो. पुढे ती त्याला आणायला जाते तेव्हा तो मुलगाही तिच्याबरोबर येऊ इच्छीत नाही. सर्व निर्वासितांचे दुःख जिला कळत होते तिला एका निर्वासिताचे एकटेपण कळले नाही, हा त्या कथेचा सर्वांत कठोर निष्कर्ष आहे.

टेसच्या व्यक्तिरेखेमागे डोरोथी थॉम्पसन या प्रसिद्ध स्तंभलेखिकेची प्रतिमा होती, असे मानले जाते. थॉम्पसन यांना त्यांच्या लेखनामुळे १९३४ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून निघून जाण्याचा हुकूम झाला होता, १९३६ पासून 'न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून'मधील त्यांचा स्तंभ देशभर वाचला जात होता, आणि त्यांचे पती सिंक्लेअर लुइस हे वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळवणारे पहिले अमेरिकन लेखक होते. १९२८ मध्ये झालेला त्यांचा विवाह १९४२ मध्ये, म्हणजे हा बोलपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, कायद्याने संपुष्टात आला. त्याहून बोधप्रद उदाहरण मार्था गेलहॉर्न आणि अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे आहे. १९४० मध्ये विवाहबद्ध झालेले हे दोघेही युद्धवार्ताहर. गेलहॉर्न ज्या 'कॉलियर्स' साप्ताहिकासाठी वर्षानुवर्षे लिहीत होत्या, त्याच साप्ताहिकाचे रणभूमीवरील प्रतिनिधित्व १९४४ मध्ये हेमिंग्वे यांनी स्वतःकडे घेतले. आणि नॉर्मंडीच्या स्वारीचे वेळी अधिकृत परवाना हाती नसलेल्या गेलहॉर्न एका रुग्णालय-नौकेत लपून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या, तर हेमिंग्वे यांना तो किनारा बोटीतूनच पाहावा लागला. पुढल्याच वर्षी तो विवाह मोडला. या दोन्ही जोडप्यांत गुण, कीर्ती किंवा परस्परांविषयीचे आकर्षण यांपैकी कशाची उणीव होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु सहचराच्या कामाला जिथे शेजारची जागा मिळत नाही, आणि ते काम एकतर दृष्टीआड होते किंवा हिरावून घेण्याची वस्तू होऊन बसते, तिथे गुण आणि कीर्ती यांच्या आधारे संसार उभा राहत नाही, एवढे या इतिहासावरून म्हणता येते.

आता बोलपटाच्या अखेरीविषयी. टेसची मानलेली मावशी एलेन, जी स्त्रियांच्या हक्कांसाठी आयुष्यभर झगडली आहे, ती उतारवयात टेसच्या पित्याशी विवाह करते. त्या प्रसंगी उच्चारली जाणारी विवाहाची वचने टेस जणू प्रथमच ऐकते आणि तिचे डोळे भरून येतात. हेपबर्नचा त्या वेळचा निःशब्द अभिनय हा या बोलपटातील एक उच्च क्षण आहे. त्याच रात्री मोटार हाकीत ती घर सोडून गेलेल्या सॅमकडे जाते आणि पहाटे त्याच्यासाठी न्याहारी करू पाहते. कॉफी उतू जाते, पीठ फुगून भांड्याबाहेर येते, पाव उडून जमिनीवर पडतो, आणि जागा झालेला सॅम दारातून हा सारा विध्वंस पाहतो. स्टीव्हन्स यांनी तरुणपणी लॉरेल आणि हार्डी यांच्या चित्रपटांचे छायाचित्रण केलेले असल्यामुळे हा प्रसंग विनोदाच्या दृष्टीने निर्दोष उतरला आहे. पण न्यायाच्या दृष्टीने तो सदोष आहे. सॅमची फिर्याद आपल्याला न्याहारी मिळत नाही अशी कधीच नव्हती. आपल्याला विचारले जात नाही, ऐकले जात नाही, ही त्याची व्यथा होती, आणि त्या व्यथेचे परिमार्जन स्वयंपाकघरात होणे शक्य नव्हते.

लार्डनर आणि मायकेल कॅनिन यांच्या मूळ संहितेत असा शेवट नव्हताही. त्यांच्या योजनेनुसार सॅमचा पत्ता लागत नसता टेस त्याच्या वतीने मुष्टियुद्धाच्या सामन्याला जाऊन त्याचा स्तंभ लिहिते, आणि सॅम त्याच काळात परभाषांचे धडे घेत असतो. प्राथमिक खेळांमध्ये हा शेवट प्रेक्षकांना रुचला नाही असे दिसल्यावर निर्मात्यांनी जॉन ली मेहिन यांच्याकडून नवा शेवट लिहवून घेतला. हेपबर्नला तो मुळीच पसंत नव्हता, तरी चित्रीकरण तसेच झाले. लार्डनर आणि कॅनिन यांना या पटकथेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले, पण तिचा अखेरचा भाग त्यांचा नव्हता. मूळ शेवटात क्रीडांगणावरील प्रसंगाची फलश्रुती होती: तिने त्याचे जग पुन्हा एकदा, या वेळी स्वतःहून, शिकायला घेतले असते, आणि ज्या दिवाणखान्यातून तो एकदा मुकाट्याने निघून गेला होता तिथे परत जाण्याची त्याने सिद्धता केली असती. नव्या शेवटात केवळ तिनेच यायचे आहे आणि तेही चुलीपाशी. सुदैवाने सॅमच्या तोंडी त्यातही एक समंजस भाषण उरले आहे: नोकरी सोडून केवळ गृहिणी होण्याची तिची तयारी तो अमान्य करतो, आणि पूर्वीची संपूर्ण स्वतंत्र टेस किंवा आपले सर्वस्व पुसून टाकलेली पत्नी, या दोहोंपैकी एकही आपल्याला नको, दोन्ही नावे धारण करणारी स्त्री हवी, असे सांगतो. त्या भाषणापुरता हा शेवट मूळ आशयाशी इमान राखतो.

ज्या तरुण-तरुणींनी आज वृत्तपत्रांत, वृत्तवाहिन्यांत किंवा अन्य कोणत्याही अखंड जागणाऱ्या व्यवसायात पाऊल ठेवून परस्परांशी संसार मांडला आहे, त्यांनी हा जुना बोलपट अवश्य पाहावा, आणि स्वयंपाक कोणी करायचा याचा तहनामा त्यांनी आपल्या सोयीने करून घ्यावा. तो विषय गौण आहे. आपला सहचर दिवसभर जे काम करतो ते नेमके काय आहे, त्यात आज काय साधले आणि काय हुकले, हे विचारण्यासाठी आणि पुरते ऐकून घेण्यासाठी त्यांनी रोज थोडा वेळ राखून ठेवावा, आणि जगाच्या वतीने घरातला कोणताही निर्णय घेण्यापूर्वी घरातल्या माणसाला विचारावे, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.